फुमिए वहिनीचा कोरा कागद

१९५८ साल. आमच्या एचिझेनच्या खोऱ्यात त्या हिवाळ्यात बर्फ खिडक्यांपर्यंत चढला होता. अशा थंडीतच कागद चांगला उतरतो. माझी वहिनी फुमिए सकाळपासून लगद्याच्या हौदात हात घालून उभी असायची. बोटं गाजरासारखी लाल.

आमचे कागद क्योतोच्या चित्रकारांकडे जात. वहिनी एकदा म्हणाली, "चित्रकाराला सगळे ओळखतात. कागदाकडे कोण बघतं?"

तोकुजीदादा हसला. "तांदळाकडे कोण बघतं? लोक भात खातात."

"मग यंदा मी तांदूळच वाढणार."

कागदासाठीची झाडाची साल तिने अर्धवटच कुटली. लांब तंतू राहिले. कागद उजेडात धरला की तिरका बर्फ पडताना दिसायचा. वसंतात कागददेवीचा उत्सव असतो, घरोघरचं काम देवळात टांगतात. तिने तो तसाच कोरा टांगला.

"लिहू नये, अशी चिठ्ठी लावू का?" मी विचारलं.

"चिठ्ठी म्हणजे लिहिणंच की, सायो."

दुसऱ्या दिवशी हाशिझुमे गुरुजी आले. आमच्या गावात कुंचल्याने सुंदर अक्षर काढायला शिकवणारे तेच. एवढा देखणा कागद कोरा, म्हणजे आपल्यासाठीच मानाने ठेवलाय, असं त्यांना वाटलं. बाही सावरून त्यांनी मधोमध एकच मोठं अक्षर काढलं, आमच्या लिपीत एका अक्षरात मावणारा शब्द: बर्फ. लोक वाहवा करू लागले. दादाची मान ताठ झाली. वहिनीने चटईला कपाळ टेकवलं. "उपकार झाले, गुरुजी." तिची बोटं चटईत रुतलेली मी पाहिली.

उत्सव संपल्यावर तिने तो कागद घरी आणला, फाडला, भिजवला आणि कुटायला घेतला.

"अगं वेडे! गुरुजींचं अक्षर ते! लोक जन्मभर जपतील!" दादा ओरडला.

"शाई कुठे जात नाही. कागदातच राहील."

नवा कागद करडा उतरला. बर्फ पडायच्या आधी आभाळ असतं तसा.

पुढच्या उत्सवात तोच टांगला. गुरुजी आले. हात कुंचल्याच्या पेटीकडे गेला आणि थांबला. बराच वेळ ते बघत राहिले.

"ही शाई माझी का गं?"

"शाई तुमची. कागद माझा."

गुरुजी उठले, पेटी दाराबाहेर ठेवून आले आणि पुन्हा कागदासमोर बसले. वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

गुरुजी चार वर्षांनी गेले. तो करडा कागद त्यांनी मागून नेला होता. शेवटपर्यंत त्यांच्या खोलीत होता, कोराच. दादा म्हातारपणी पाहुण्यांना सांगायचा, "कोरा टांग, असं मीच सुचवलं होतं." वहिनी ऐकून घ्यायची. चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत ती हौदावर उभी राहिली. खोऱ्याबाहेर तिचं नाव कोणाला ठाऊक नाही.

मी लग्न होऊन खाली सपाटीवर आले. माझ्या खिडकीला तिचा तसाच एक लांब तंतूंचा कागद लावला आहे. नातवंडं विचारतात, "आजी, यावर चित्र कधी काढणार?"

मी म्हणते, "थांबा, ऊन येऊ दे."