कोरी बाटली

बाबांना सोनगाल दिसला आणि त्यापायी त्यांचं घर सुटायची वेळ आली.

"डोहात सोनगाल आहे. परवा वर आला, माझ्याकडे बघून गेला," असं त्यांनी फोनवर दादाला सांगितलं. सोनगाल म्हणजे गालावर पिवळा ठिपका असलेला हातभर लांब मासा. आमच्या नदीत पंधरा वर्षांत तो कुणाच्या जाळ्यात आलेला नाही. दादाने लगोलग डॉक्टरांना विचारलं. भास होत असतील तर या वयात एकटं ठेवू नका, असं ते म्हणाले. झालं! महिनाअखेरीला बाबांना आपल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये न्यायचं, घराला कुलूप लावायचं, होडी कुणाला तरी देऊन टाकायची, असं दादाने परस्पर ठरवलं. चाळीस वर्षं होडी चालवलेला माणूस नवव्या मजल्यावर दिवसभर काय करणार, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

माझं कामच मुळी पाणी तपासायचं. मासा पोहताना अंगावरचा बुळबुळीत थर, विष्ठा असं काहीबाही पाण्यात सोडतो. ते पाणी अगदी बारीक गाळणीतून गाळायचं आणि गाळणीत राहिलेला डीएनए प्रयोगशाळेत तपासायचा. जाळं न टाकता कळतं, पाण्यात कोण राहतंय. हा डीएनए पाण्यात थोडेच दिवस टिकतो, त्यामुळे जे सापडतं ते ताजं असतं.

"महिनाभर दम धर," मी दादाला म्हटलं. "मी डोहाचं पाणी तपासते."

"आणि काही नाही सापडलं तर?"

"तर मी स्वतः त्यांचं सामान बांधीन."

तोऱ्यात बोलून गेले खरी, पण तो मासा तिथे असेल असं मलाही वाटत नव्हतं.

पहिल्या खेपेला बाबांनीच होडी वल्हवली. "ठमे, डावीकडून घे, तिथे पाणी थंड असतं," असा त्यांचा मुकादमी थाट चालला होता. मी हातमोजे घालून डोहाच्या तीन बाटल्या भरल्या आणि मग कोरी बाटली उघडून बंद केली. कोऱ्या बाटलीत प्रयोगशाळेतून नेलेलं शुद्ध पाणी असतं. नदीवर तिचं झाकण उघडायचं, लावायचं आणि बाकीच्यांसोबत तिचीही तपासणी करायची. तिच्यात काहीही सापडता कामा नये. सापडलं, तर आपल्याच हातून कुठेतरी घाण झाली आणि सगळी खेप फुकट.

आठवड्याने निकाल आला. तिन्ही बाटल्यांत सोनगाल! मी खुर्चीतून उठलेच. मग खालची ओळ वाचली. कोऱ्या बाटलीतही सोनगाल.

माझं डोकं फिरलं. तसाच फोन लावला. "बाबा, तुम्ही बाटल्यांना हात लावलात ना?"

"लावला असेन गं. आठवत नाही."

"आठवत नाही काय? शंभरदा बजावलं होतं!"

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

दुसऱ्या खेपेला मी त्यांना होडीत घेतलंच नाही. ते काठावरच्या दगडावर दोन्ही हात मांडीवर ठेवून, शिक्षा झालेल्या मुलासारखे बसले. एकदाही सूचना केली नाही. मी मात्र फुशारक्या मारत परतले, की आता बघा कसं चोख काम होतं ते.

कोऱ्या बाटलीत पुन्हा सोनगाल.

त्या दिवशी प्रयोगशाळेत मी टेबल पुसलं, खोकी पुसली, स्वतःवर चरफडले. शेवटी खुंटीवरच्या जाकिटाकडे लक्ष गेलं. बाबांचं जुनं, भरपूर खिशांचं बिनबाह्यांचं जाकीट. नोकरी लागली तेव्हा त्यांनीच दिलेलं. नदीवर मी तेच घालते. आणि कोरी बाटली बाकीच्यांत मिसळू नये म्हणून ती वेगळी, त्याच्या आतल्या खिशात ठेवते.

खिसा उलटा केला. शिवणीत अडकलेले नखाएवढे चार-पाच वाळके खवले कागदावर पडले. पाण्यात नाही, पण वाळक्या खवल्यात डीएनए वर्षानुवर्षं टिकतो.

"ते होय?" बाबा फोनवर म्हणाले. "सोनगाल मिळाला की मी त्याचा एक खवला खिशात ठेवायचो. तुला खवले हवे असायचे ना लहानपणी? घरी आलं की आधी खिसेच चाचपायचीस. तेवढे द्यायचे राहिले असतील."

सगळा ठपका त्यांच्यावर ठेवून मी मोकळी झाले होते आणि त्यांनी तो निमूटपणे घेतला होता. "बाबा, चूक माझी होती. तुम्ही हात लावला नव्हता," मी म्हटलं.

"नव्हता ना?" त्यांनी विचारलं. आणि पुन्हा, "नक्की नव्हता ना?"

तिसऱ्या खेपेला जाकीट घरी ठेवलं. बाबांच्या हातात नवे हातमोजे चढवले आणि बाटल्या त्यांनाच भरायला लावल्या. कोरी बाटलीसुद्धा त्यांनीच उघडली, श्वास रोखून बंद केली. एक थेंबही सांडला नाही.

यावेळी निकाल सांगायला मी फोन केला नाही, घरीच गेले. बाबा पायरीवर बसून दोरी वळत होते. शेजारी जाऊन बसले.

"कोरी बाटली कोरीच आहे," मी म्हटलं.

"आणि डोह?"

"तिन्ही बाटल्यांत आहे. सोनगाल आहे, बाबा. दादालाही कळवलंय. सामान बांधायचं नाही."

मला वाटलं, ते ऐटीत म्हणतील, सांगत नव्हतो? पण दोरी त्यांच्या हातातून गळून पडली. त्यांनी तोंड फिरवलं. खांदे हलताना दिसले तेव्हा कळलं, ते रडत होते.

"तुला म्हणून सांगतो," डोळे पुसत ते म्हणाले. "दादा भास म्हणाला त्या दिवसापासून मी एकटा असताना डोहाकडे बघतच नव्हतो. म्हटलं, पुन्हा दिसला आणि तो भासच असला तर?"

मी त्यांचा हात धरला. मग आम्ही दोघं उठलो आणि डोहाकडे बघायला गेलो.