वृषालीची शेकायची पिशवी

मी एक जुनी, लाल रबराची शेकायची पिशवी आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. घरात टीव्हीला मान, मोबाईलला मान, आणि मला दाराआडचा खिळा. पोटात कळ आली की माझी आठवण होते, कळ थांबली की गरज सरो, वैद्य मरो.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेलं रबर साच्यात दाबलं, तोंडाला बूच बसवलं आणि खोक्यात कोंबलं. जुन्नरच्या एका औषधाच्या दुकानात मी कितीतरी दिवस धूळ खात पडले होते. मग बोरी बुद्रुकची एक बाई आपल्या शाळकरी लेकीला घेऊन आली. पोरीला नुकतीच पाळी सुरू झाली होती. दर महिन्याला ओटीपोट इतकं दुखायचं की ती शाळा बुडवून, गुडघे पोटाशी घेऊन पडायची. ती पोरगी म्हणजे माझी वृषाली.

तेव्हापासून आमची जोडी जमली. टॉवेलात गुंडाळून ती मला पोटाशी धरायची आणि म्हणायची, "लालूबाई, तूच गं माझी." अशा वेळी माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. थोड्या वेळात तिची कळ उतरायची नि ती झोपी जायची. तिचं लग्न झालं तेव्हा आईने साड्यांच्या खाली, बॅगेच्या तळाशी मला ठेवलं. अशी मी तिच्या सासरी, घोडेगावच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या गावी आले.

सासरची माणसं चांगली होती, हे मी मुद्दाम सांगते. नवरा सूरज कष्टाळू, सासू साळुबाई जिवाला जीव देणारी. पण वर्षं सरत चालली आणि पाळणा काही हलेना. साळुबाईंनी भीमाशंकराला साकडं घातलं आणि श्रावणी सोमवारी मुला-सुनेला जोडीने दर्शनाला न्यायचं ठरवलं. नेमकी त्याच सुमारास वृषालीची पाळी येणार होती. अशा वेळी आमच्याकडे काय करतात, ठाऊक आहे ना? मेडिकलातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात. लग्न असो, यात्रा असो, शेंगदाणे आणावेत तितक्या सहज आणतात. डॉक्टरला कोण विचारतंय! सूरजने गोळ्या आणल्या, वृषालीने घेतल्या, दर्शन झालं.

गोळ्या संपल्या, पण पाळी आली नाही. ओटीपोटात मात्र एका अंगाला दुखू लागलं.

"गोळीनं लांबलीय," साळुबाई म्हणाल्या. "माझ्या भाचीचं बी असंच झालं व्हतं. शेक घे, ओव्याचा काढा पी. व्हईल मोकळं."

मग थोडासा डाग दिसला. "बघ, सुरू व्हतीय आता," असं म्हणून साळुबाईंनी मला आणखी कढत पाण्याने भरलं.

मित्रांनो, वृषालीचं पोट मला पाठ होतं. हे दुखणं नेहमीचं नव्हतं. मी जीव तोडून तापले, तरी कळ हटेना. एका दुपारी घरात कुणी नसताना ती मला कवटाळून पुटपुटली, "दिवस तर गेलं नसतील ना?" पण हे तिने कुणाला सांगितलं नाही. मागे एकदा तिने असं सांगितलं होतं. साळुबाई पेढे आणायला निघाल्या आणि दुसऱ्याच दिवशी पाळी आली. सासूचा तो उतरलेला चेहरा तिला पुन्हा बघायचा नव्हता. मला सगळं कळत होतं, पण माझ्या तोंडाला बूच!

सूरज म्हणाला, "घोडेगावला दाखवून येऊ का?"

"पाळीच्या दुखण्याला कोण डॉक्टरकडं जातंय?" वृषालीच म्हणाली. "लोक हसतील राव."

एके सकाळी भाकरी थापता थापता ती कोसळली. तोंड पांढरंफटक पडलं, अंगाला दरदरून घाम सुटला. "खांदा लई दुखतोय," एवढंच ती म्हणाली. सूरजने जीप आणली. घोडेगाव येईपर्यंत साळुबाईंनी मला तिच्या पोटावर धरून ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला सारलं. सलाईन लावली, लघवी तपासली, सोनोग्राफी केली. मग त्या म्हणाल्या, "गर्भ राहिला होता, पण गर्भाशयात नाही, नळीत. नळी फुटलीय. पोटात रक्त साचलंय. ताबडतोब ऑपरेशन लागेल, मोठ्या दवाखान्यात न्या."

"म्हंजे लेकरू व्हतं?" साळुबाईंनी विचारलं.

वृषाली वाटेतच गेली. मी जीपच्या सीटखाली पडून होते. माझ्यातलं पाणी कधी गार झालं, मला कळलंसुद्धा नाही.

दिवसकार्य उरकल्यावर सूरज आणि साळुबाई पुन्हा त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी साळुबाईंच्या पिशवीत होते. मला टॉवेलात गुंडाळून त्या का घेऊन आल्या होत्या, ते त्यांच्या पहिल्याच प्रश्नातून कळलं. "बाई, शेकल्यानं फुटलं का ते?"

"नाही हो मावशी," बाई हळूच म्हणाल्या. "शेकाने नाही. शेक देत बसण्यात वेळ गेला. पाळी लांबायला काहीही कारण असतं. गोळ्या, काळजी, थायरॉईड, अंडाशयातली गाठ, आतली सूज. घरी बसून कसं ओळखणार? दिवस गेले असायची शक्यता असेल, तर आधी लघवीची तपासणी करायची. एका बाजूला दुखतंय, डाग दिसतोय, चक्कर येतेय, खांदा दुखतोय, म्हणजे घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा."

घरी आल्यावर साळुबाईंनी मला खिळ्याला अडकवलं, आणि पुढे कित्येक महिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या रबराला चिरा पडू लागल्या. रुसून तरी कुणावर रुसायचं?

परवा शेजारच्या बायडाबाई दारात आल्या. "साळू, ती शेकायची पिशवी दे बरं. सुनेच्या पोटात दुखतंय."

"पाळी आलीय का तिची?"

"लांबलीय जरा. येईल की."

साळुबाईंनी पायात चपला सरकवल्या. "पिशवी न्हाई भेटायची. तिला उठव. घोडेगावची यष्टी धरू."

संध्याकाळी तिघी परत आल्या. सुनेच्या अंडाशयात लहानशी गाठ निघाली होती. औषधं दिली होती, पुन्हा तपासायला बोलावलं होतं. जिवाला धोका नव्हता. बायडाबाई मात्र फणकारल्या, "उगं घाबरवलंस गं आमाला. दिवस मोडला सारा."

"मोडू दे," साळुबाई म्हणाल्या. "माझ्या पोरीसाठी मी एक दिवस मोडला नाय."

आणि त्या उंबऱ्यातच बसून रडल्या. बायडाबाई त्यांच्या शेजारी टेकल्या.

मित्रांनो, आणि मैत्रिणींनो, मी दुखणं शेकते, ओळखत नाही. पाळीचं बोलायला लाजू नका. मनात आलेली शंका बोलून टाका, आणि घरातलं कुणी बोललं तर त्याला हसू नका. माझी ऊब घ्यायचीच असेल तर डॉक्टरकडून आल्यावर घ्या. मी कुठे जात नाही.