काड्यांचा ढीग

टेबलावर काड्यांचा सगळ्यात मोठा ढीग आजही फोरमनसाहेबांच्याच पुढे होता, आणि समोरच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या.

वसाहतीच्या वाचनालयात दुपारी पोकरचा डाव बसे. पैशांऐवजी आगपेटीच्या काड्या. निवृत्त फोरमनसाहेब टेबल ओळखून खेळत. समोर धाडसी गडी असले की दबा धरून बसायचे. भित्रे असले की हातात काही नसतानाही मूठभर काड्या पुढे सरकवायचे. इथले तिघेही भित्रे. मास्तर, शिंपीणबाई, नर्सताई तेवढ्या काड्या लावायला घाबरून पत्ते टाकून देत, आणि काड्या फोरमनसाहेबांच्या होत.

"होतं तरी काय हातात? दाखवा की!" मास्तर विनवत.

"डाव सोडला त्याला पत्ते दिसत नाहीत. नियम आहे."

शेवटी तिघं शेजारच्या खोलीत कॅरमला गेले. भिंतीपलीकडून हसणं ऐकू येत होतं.

विसरलेला चष्मा न्यायला नर्सताई आल्या.

"माझं काय चुकलं, ताई? टेबल ओळखूनच खेळतो मी."

"आम्ही भित्रे आहोत, एवढंच ओळखलंत. आम्ही येतो कशाला, ते? मास्तरांशी घरात कुणी बोलत नाही. शिंपीणबाईंची लेक परदेशात. पत्ते निमित्त आहेत हो! आणि तुम्ही कशाला येता?"

फोरमनसाहेब ढिगातल्या काड्या एकेक करून पेटीत भरू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काड्यांचे चार सारखे वाटे केले आणि तिघांना बोलावून आणलं. पहिल्याच डावात त्यांनी मूठभर काड्या पुढे सरकवल्या. सगळ्यांनी पत्ते टाकले. मग त्यांनी आपले पत्ते उताणे केले. साधी जोडीसुद्धा नव्हती!

"अरे देवा! म्हणजे परवा मी तीन राण्या फेकल्या, त्या..." शिंपीणबाई किंचाळल्या.

"त्याही फुकट."

हशा पिकला. तो ओसरल्यावर फोरमनसाहेब हळूच म्हणाले, "ही गेल्यापासून निघताना रेडिओ चालू ठेवून येतो. परत गेल्यावर घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून."

मास्तरांनी पत्ते पिसायला घेतले. "उद्यापासून बंद करून या. कुलूप उघडेपर्यंत बोलायला मी येईन सोबत."

वाचकहो, अशी टेबलं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. समोरच्याच्या हातात काय आहे हे ओळखण्याआधी तो घरातून का निघून आला ते ओळखूया. आणि आपले पत्ते आधी आपणच उघडूया!