गाडी उभी असताना

मी एक जुना कॅमेरा आहे. बसमध्ये चालकाच्या समोर, काचेच्या वर मला बसवले आहे. मित्रांनो, तो दिवस अगदी साधा होता. दुपारी बस शेवटच्या थांब्यावर उभी होती. प्रवासी उतरले होते, कंडक्टरबाई चहाला गेल्या होत्या. आमचे चालक समोरच्या रिकाम्या काचेशी बोलत होते.

"या, या. प्रवासात त्रास नाही ना झाला?" मग स्वतःच मान हलवून, "छे, हे ड्यूटीवरचं वाटतं." पुन्हा वाकून, हसून, "बसा ना. आमची मुलगी जरा हट्टी आहे, पण मनानं..." इथे दर वेळी ते अडखळत.

रविवारी मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसे पहिल्यांदा घरी येणार होती, आणि हा माणूस मुलखाचा लाजाळू.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यातला. मला बसवले तेव्हा डेपोचे साहेब सर्वांना म्हणाले होते, "अपघात झाला तरच बघणार. एरवी कोण बघतंय तुमची तोंडं?" एकदा एक स्कूटर बसला आडवी आली. चालकांची नजर रस्त्यावरच होती, हे माझ्यामुळे सिद्ध झाले. त्या दिवशी त्यांनी मला शर्टाच्या बाहीने पुसले होते.

पण त्या दुपारचे चित्रण कार्यालयात कुणीतरी पाहिले. मूळ आवाज काढून टाकला, गाणे घातले, खाली लिहिले, 'काकांना कोण दिसतंय?' आणि दिले फोनवर सोडून.

"दादा, फेमस झालात की! माझ्या भाच्यानंपण पाठवलंय," कंडक्टरबाईंनी फोन पुढे केला.

चालकांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. "आमच्या पोरीनं पाहिलं असेल का हो?"

"छे! तिला कुठे वेळ?"

"तिनं पाहायला नको. बाकी जगाला हसू दे."

त्यांनी माझ्यावर रुमाल टाकला. कॅमेरा झाकल्याबद्दल नोटीस आली, तेव्हा काढला. सोमवारी बाईंनी विचारले, "मग, काय बोललात पाहुण्यांशी?"

"काही नाही. पाणी दिलं."

त्यानंतर गाडी उभी असतानाही ते गप्प बसत. तीन महिन्यांनी एका सकाळी त्यांच्या जागी दुसरे चालक आले. "दादा गेले," बाई नव्या चालकांना म्हणाल्या. "छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत."

मित्रांनो, मला पापण्या नाहीत. कुठे पाहू नये हे मला कळत नाही, ते तुम्हालाच ठरवावे लागते. दुसऱ्याचे चित्र हाती आले तर पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबा. त्यातला माणूस कुणाचा तरी बाप असतो.

काल त्यांची मुलगी डेपोत कागदांवर सह्या करायला आली होती. कंडक्टरबाईंनी तिला बस दाखवली आणि त्या खाली थांबल्या. ती चालकाच्या जागेवर बसली. मी तिलाही टिपत होतो. मला थांबता येत नाही.

"बाबा," ती म्हणाली, "ऑफिसात सगळे तो व्हिडिओ बघत होते. मैत्रिणीनं विचारलं, कोण गं हा? मी म्हटलं, काय माहीत. आणि हसले. बाबा, मी तुम्हाला बघताक्षणी ओळखलं होतं."