सहा अर्जांतल्या सहा बायका

धाकटीनं कार्ड काढलं की थोरलीला आधी तिची बोटं दिसायची. दोन बोटांच्या चिमटीत धरलेलं, निळसर, कडेला चंदेरी रेघ असलेलं ते कार्ड धाकटी पुढे करायची, आणि करताना बिलाकडे बघायचीसुद्धा नाही. बघायची दुसरीकडेच, दाराबाहेर, जणू पैसे देणं म्हणजे जांभई देण्यासारखं काही असावं. आणि शेजारी थोरली असायची, पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून चार घड्या घातलेली नोट उलगडत. नोट उलगडेपर्यंत दुकानदाराचं लक्ष उडालेलं असायचं.

मत्सराची आग नाकातून धूर काढते म्हणतात. थोरलीची आग मात्र बोटांतून निघायची. अशा दिवशी ती शिलाई इतकी घट्ट घालायची, की गिऱ्हाईक म्हणे, "बाई, हा शर्ट आता फाटेल, पण उसवायचा नाही."

तिचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट. आत एक मशीन, एक इस्त्री, एक आरसा, आणि पडद्यामागे एक माणूस उभा राहील एवढी कपडे बदलायची जागा. बाहेर पाटी, 'कपडे दुरुस्त करून मिळतील'. नवं ती शिवत नसे. माणसं बदलत जातात आणि कपडे तसेच राहतात, त्या दोघांची पुन्हा गाठ घालून द्यायची, हे तिचं काम. कुणाची कंबर सुटली, कुणाचा खांदा उतरला, कुणी जेवण सोडलं, कुणी नोकरी सोडली, सगळ्या गल्लीची मापं तिला तोंडपाठ.

धाकटीचं माप तर आधीपासूनच. आई गेली तेव्हा थोरली सोळाची आणि धाकटी सातची. थोरलीचा फ्रॉक आखूड व्हायचा, आत दुमडला जायचा, आणि धाकटीला बसायचा. धाकटीच्या अंगावर गेलेला प्रत्येक कपडा आधी थोरलीच्या अंगावरून गेलेला असायचा. तिच्या शाळेची फी, कॉलेजची फी, इंटरव्ह्यूचा पहिला कोट, सगळं याच मशीनच्या पायडलवर निघालं. आता धाकटी एका विमा कंपनीत मोठ्या टेबलामागे बसते. तिचे कपडे आता कुणाच्याच अंगावरून येत नाहीत. सरळ दुकानातून येतात, किमतीच्या चिठ्ठीसकट.

कौतुक वाटायला हवं होतं. वाटायचंही. पण कौतुकाच्या खालून दुसरंच काही टोचायचं, कॉलरमध्ये विसरलेल्या टाचणीसारखं.

मशीन चालवताना आई ओळी जोडायची. थोरलीलाही ती खोड लागली होती. पायडलच्या ठेक्यावर ती गुणगुणायची,

एका ताग्यातून दोघी, एक सुई, एक दोरी,
एक मिरवते झालर, एक अस्तर बिचारी.

आणि मग स्वतःच जीभ चावायची.

ठिणगी पडली ती मशीनच्या दुकानात. काचेच्या पलीकडे नवं मशीन ठेवलं होतं. कापडाच्या कडा इंटरलॉक करायचं, काज करायचं, वर बटणं दाबली की पानाफुलांचं भरतकामही आपोआप करायचं. थोरली काचेला नाक लावून उभी. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "घ्या ना ताई. बारा हप्ते, व्याज नाही. तीन महिने योजना आहे. फक्त क्रेडिट कार्ड पाहिजे."

"रोख हप्ते नाही चालणार?"

"रोखीला हप्ते कसले? कार्ड नाहीये का तुमचं?"

धाकटी बरोबर होती. "माझं आहे की!" ती म्हणाली. चिमूट पर्सकडे गेलीसुद्धा. "मी करते स्वाइप. तू मला महिन्याला देत जा. आणि नाही दिलंस तरी चालेल गं ताई."

नाही दिलंस तरी चालेल. बाकी सगळं थोरली विसरली असती. हे वाक्य तिनं घरी नेलं, उशाशी घेतलं, सकाळी उठून पुन्हा चाखून बघितलं. फीच्या वेळी तिनं कधी धाकटीला असं म्हटलं होतं का? म्हणायची गरजच पडली नव्हती. ज्याच्याकडे असतं तोच म्हणतो चालेल.

"मी माझं कार्ड काढीन," धाकटीला म्हणायचं ते ती आरशाला म्हणाली. "आणि तुझ्यासमोर काढीन."

दोन दुकानं सोडून झेरॉक्सचं दुकान होतं. मालक साठीचे, चष्मा कायम कपाळावर, म्हणून गल्लीत त्यांना चष्मेकाका म्हणत. लोकांचे ऑनलाइन अर्ज ते भरून द्यायचे, अर्जामागे ठरलेले पैसे घेऊन.

"व्यवसाय काय लिहू?" काकांनी विचारलं.

"शिंपीण."

"उत्पन्न?"

तिनं खरं सांगितलं. काकांनी चष्मा डोळ्यांवर आणला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा वर सरकवला. आठवड्यानं पत्र आलं. जाड, गुळगुळीत कागद, वर बँकेचं चिन्ह, खाली एकच परिच्छेद. 'आपला अर्ज मंजूर करता येत नाही, याचा खेद आहे.' कारण म्हणून लिहिलं होतं, पूर्वीचा कर्जव्यवहार आढळत नाही.

"म्हणजे काय?" ती काकांना म्हणाली. "आयुष्यात कुणाचं काही ठेवलं नाही, ही माझी चूक?"

"त्यांच्या लेखी तुम्ही जन्मलाच नाहीत," काका म्हणाले. "उधारी करणाऱ्याची जन्मपत्रिका असते. तुमची कोरी."

आता इथे दुसरी कुणी असती तर थांबली असती, नाहीतर तिनं सरळ बँकेत जाऊन विचारलं असतं. पण थोरलीचे हात वीस वर्षं एकच काम शिकलेले. कपडा बसत नाही? मग सैल कर, नाहीतर आत घे. दुसऱ्या बँकेच्या अर्जात तिनं उत्पन्न थोडं सैल सोडलं. व्यवसाय लिहिला, उद्योजिका. नकार. तिसऱ्या बँकेची जाहिरात गृहिणींसाठी होती, म्हणून तिथे ती गृहिणी झाली आणि उत्पन्न आत घेतलं. नकार. चौथ्या अर्जात ती फॅशन डिझायनर झाली. काका म्हणाले, "ताई, जरा जपून." ती म्हणाली, "दोन बोटं दाबून घेतलंय फक्त, कळायचं नाही." पाचव्यात दुकानाचा पत्ता बदलला, घराचा दिला, कारण गल्लीचं नाव वाचून नाक मुरडत असतील असं तिच्या मनानं घेतलं.

नकाराची पत्रं येत राहिली. कागद मात्र छान होता. फेकवेना. पहिल्या पत्राची तिनं कॉलरची फर्मी कापली, कापड बेतायचा कागदी नमुना. दुसऱ्याची कफची. तिसरं खिशाला पुरलं. खेद आहे, खेद आहे, असं लिहिलेल्या फर्म्या भिंतीला खिळ्यावर लटकू लागल्या, आणि गल्लीतल्या निम्म्या शर्टांच्या बदलायच्या कॉलरी बँकेच्या खेदावर बेतल्या जाऊ लागल्या.

सहावा अर्ज भरताना तिची बोटं थांबली नाहीत, हेच तिला पुढे आठवून शरम वाटली. व्यवसाय, नोकरी. हुद्दा, व्यवस्थापक. उत्पन्नाच्या जागी तिनं जो आकडा सांगितला तो धाकटीचा होता. एकदा धाकटीनं बोलता बोलता सांगितलेला, आणि थोरलीनं मापासारखा लक्षात ठेवलेला.

काका टाइप करायचे थांबले. "ही कोण?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मी तुम्हाला ओळखतो म्हणून विचारतोय."

"भरा काका. पैसे देतेय ना."

नकाराचं सहावं पत्र तीन दिवसांत आलं. इतक्या लवकर की थोरलीला वाटलं, अर्ज कुणी वाचलासुद्धा नसेल.

त्याच संध्याकाळी धाकटी नवा कोट घेऊन दुकानात शिरली. मरून रंगाचा, गळ्याला बारीक झालर. "ताई, बाही लांब होतेय. घे ना आत. आणि मशीनचं काय ठरलं? पंधरा दिवस राहिलेत. माझ्या कार्डावर..."

"उभी राहा नीट," थोरली म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बरं झालं. बाही दुमडताना तिच्या मनात आलं, एक टाचणी जरा आत गेली तर? गेली नाही. पण मनात आलं.

"ही कसली फर्मी गं?" धाकटी भिंतीकडे बघत होती. "बँकेचं पत्र आहे का हे?"

"रद्दी आहे," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून ती बँकेत गेली. पहिल्या पत्रावर ज्या शाखेचा पत्ता होता, तिथेच. तक्रार करायला गेली होती. सहा पत्रांपैकी कॉलर, कफ आणि खिसा वगळून उरलेली हातात. समोर अधिकारी बाई बसली होती, तिशीची, काळ्या जाकिटाचं दुसरं बटण दोऱ्यावर लोंबत असलेली.

बाईनं माहिती टाकली. स्क्रीन बघितला. मग तो थोरलीकडे फिरवला.

"हे सगळे अर्ज तुमचेच?"

"माझेच."

"बँका वेगळ्या असल्या तरी नोंद एका ठिकाणी होते. हे बघा. एक शिंपीण, एक उद्योजिका, एक गृहिणी, एक डिझायनर, एकीचा पत्ता वेगळा, एक व्यवस्थापक." बाईनं आवाज खाली आणला. "अडीच महिन्यांत सहा अर्ज, आणि सहा अर्जांत सहा बायका. यातल्या कुणाला कार्ड द्यायचं?"

थोरलीच्या कानशिलांपर्यंत रक्त आलं. "मी म्हटलं, एक नाही तर दुसरी बसेल."

"उलट होतं. प्रत्येक अर्जाची खूण राहते. पुढचा बघणारा ती खूण आधी बघतो."

हे तिला कुणी सांगायला नको होतं. साटिनवर एकदा सुई चालली की धागा काढला तरी भोक राहतं; म्हणून साटिन घेताना ती दहादा मापं घेते, टाके एकदाच घालते. दुसऱ्यांच्या साटिनला जपणाऱ्या बाईनं स्वतःच्या नावाची चाळण केली होती. आणि कशापायी? अर्जातली ती सहावी बाई डोळ्यांपुढे आली. तिच्या अंगावर धाकटीचा कोट होता. खांद्यातून उतरलेला, बाहीतून लोंबणारा.

"मग आता?" तिनं विचारलं.

"मुदत ठेव आहे का काही?"

होती. बारकीशी, म्हातारपणासाठी, कुणालाच न सांगितलेली.

"तिच्यावर कार्ड मिळतं. आधीचा व्यवहार नसला तरी चालतो. मर्यादा ठेवीपेक्षा थोडी कमी. वेळेवर भरत राहिलात की तुमची पत तयार होईल. पण अर्ज खरा लिहा."

थोरलीनं पेन घेतलं. या वेळी काका नव्हते. व्यवसाय, कपडे दुरुस्ती. उत्पन्न, आहे तेवढं. सही करून झाल्यावर तिनं पर्समधून सुईदोरा काढला. "बाई, जाकीट काढू नका, हात फक्त वर धरा," ती म्हणाली, आणि काउंटरवरून वाकून बटण लावून दिलं.

योजनेचा शेवटचा दिवस. कार्ड आदल्या दिवशी आलं होतं, साधं हिरवं, रेघबिघ काही नाही. मशीनच्या दुकानात ती धाकटीला मुद्दाम घेऊन गेली.

दुकानदारानं कार्ड बघितलं, मर्यादा विचारली, 'ठेवीवरचं दिसतंय' म्हणत मान हलवली. "भरतकामवालं नाही बसणार यात, ताई. निम्मं बसेल."

थोरलीला ते आधीच माहीत होतं. शेजारी पर्सची चेन वाजली. धाकटीच्या दोन बोटांत निळसर कार्ड. "उरलेलं यावर घ्या," धाकटी दुकानदाराला म्हणाली, आणि दाराबाहेर बघू लागली.

थोरली मशीनकडे बघत राहिली. पानंफुलं. वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं तिच्याकडे पानंफुलं मागितली नव्हती. मागितली होती ती कंबर, बाही, चेन, अस्तर. पानंफुलं तिला हवी होती ती फक्त धाकटीनं एकदा थांबून बघावं म्हणून.

"ठेव ते आत," ती धाकटीला म्हणाली. मग दुकानदाराला, "ते कोपऱ्यातलं साधं इंटरलॉक. ते बसतं ना?"

"बसतं की. आरामात."

यंत्रानं पिन मागितला. थोरलीनं दुसऱ्या हाताचा आडोसा केला, इतका मोठा, की दुकानदाराला हसू आलं. चिठ्ठी करकरत बाहेर आली. तिनं ती चिठ्ठी वाचली, वरपासून खालपर्यंत, सावकाश, आणि चार घड्या घालून आतल्या कप्प्यात ठेवली.

रस्त्याला लागल्यावर धाकटी म्हणाली, "तुझी ठेव आहे हे कधी बोलली नाहीस."

"तू विचारलंस कधी?"

"माझी नाहीये गं एकही." धाकटी हसली, पण हसू मधेच दुमडलं. "पगार येतो, तो कार्डं भरण्यातच जातो. आत्ता तू ते पैसे दिलेस ना, शांतपणे... मला हेवा वाटला तुझा. खरंच."

किती वर्षं थोरलीनं हे ऐकण्यासाठी कान टवकारले होते! ते आलं, जिभेवर साखरेसारखं बसलं, आणि विरघळायच्या आत तिची नजर धाकटीच्या कोटाकडे गेली. वर झालर अगदी ताठ. खाली चालताना अस्तर बाहेर डोकावत होतं, कडेनं फाटलेलं. दुकानातून चिठ्ठीसकट आलेला, आणि अस्तर असलं.

"चल, दुकानात चल," ती म्हणाली. "अस्तर बदलून देते."

"आत्ता? बरं, किती घेशील?" धाकटीचा हात सवयीनं पर्सकडे गेला.

"माझ्याकडे कार्ड चालत नाही," थोरली म्हणाली. "रोख दे."