सात सत्ते

घशाचे डॉक्टर फार गोड बोलायचे, म्हणूनच बाईंना त्यांचा जास्त राग आला. "तीन महिने एक शब्दही काढायचा नाही," ते हसत म्हणाले. "कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही. स्वरतंतूंवर गाठी आल्यात. आत्ता गप्प बसलात तर आवाज वाचेल. नाही बसलात, तर पुढे कायमचंच गप्प बसावं लागेल." मग कागदावर औषधं लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "करता काय तुम्ही?"

"तिसरीला शिकवते," बाई म्हणाल्या. एवढे दोन शब्दसुद्धा तीन तुकड्यांत बाहेर आले.

"मग रजा घ्या."

रजा घ्या म्हणे! डॉक्टरांचं काय जात होतं सांगायला? बाईंनी तो कागद चार घड्या घालून डब्याच्या पिशवीत तळाशी कोंबला आणि तडक शाळेत गेल्या.

आठ दिवसांवर तपासणी आली होती. त्या तपासणीवर बाईंचा सगळा खेळ टांगलेला होता. वर्ष सुरू झालं तेव्हा वर्गात अडतीस पोरं होती आणि त्यातल्या सतरांना पाढा म्हटला की पोटात दुखायचं. पहिल्या बाकावरची एक मुलगी तर हजेरीलासुद्धा तोंड उघडत नसे. तिला सगळे चिमणी म्हणायचे, पण या चिमणीचा चिवचिवाट कुणी कधी ऐकला नव्हता. बाईंनी दोन महिने कार्यपुस्तिकांवर डोकं आपटलं आणि मग हात टेकले. पुस्तिका कपाटात गेल्या. कपाट डगमगत होतं म्हणून एक पुस्तिका त्याच्या पायाखालीही गेली.

त्यानंतर वर्गाचा रंगच पालटला. जुन्या चादरीची नदी झाली, तिला उपनद्या म्हणून ओढण्या जोडल्या गेल्या. जोडाक्षरं चिकणमातीची झाली. पाढ्यांसाठी बाईंनी फरशीवर खडूने दहा पायऱ्यांचा जिना काढला आणि त्यावरून एक मुंगी चढायला लागली. ‘सात एके सात, मुंगी शिरली आत, सात दुणे चौदा, साखरेचा सौदा.’ शब्द बाईंचे, चाल बाईंची. कागदावर एक अक्षर नव्हतं, सगळं डोक्यात आणि गळ्यात. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारातून डोकावून विचारायचे, "काय हो, आज कुणाचा वाढदिवस?" मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मात्र म्हणायच्या, "पोरं शिकताहेत ना? मग नाचू देत." आणि पोरं खरंच शिकत होती. चिमणी गात होती! एकदा गायला लागल्यावर तिला थांबवणं मुश्कील झालं होतं.

पण कोऱ्या पुस्तिका कुणाच्या तरी पालकांना टोचल्या, तक्रार वर गेली आणि वरून निरोप आला. साहेब येतील, वर्ग बघतील. पोरांना येत असेल तर हे असंच चालू राहील. येत नसेल तर उद्यापासून पुस्तिका, आणि बाईंना दुसरं काम.

आता सांगा, रजा कशी घ्यायची? त्या दिवशी वर्गासमोर दुसरं कोण उभं राहणार? आणि मोठ्या बाईंना घशाचं कळलं असतं तर त्यांनी बाईंना हाताला धरून घरी पोचवलं असतं. त्यात सातच्या पाढ्याचं गाणं नुसतं रचून तयार होतं, पोरांना शिकवायचं अजून राहिलंच होतं.

बाईंनी ठरवलं, शाळेत आठ दिवस काढायचे आणि घरी एक अक्षर बोलायचं नाही.

घरी पाटी आली. नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा, माणूस सरळ, पण सुराशी जन्माचं वैर. बाईंनी त्याला संध्याकाळी समोर बसवलं, पाटीवर गाणं लिहिलं, हाताने चाल वर-खाली करून दाखवली. तो म्हणेल, फोनमध्ये भरून ठेवू, अगदीच आवाज गेला तर वर्गात लावू, असा त्यांचा बेत. नवऱ्याने घसा साफ केला, डोळे मिटले आणि सुरू केलं. नळात हवा अडकल्यावर येतो तसा आवाज आला. बाई हसायला लागल्या, मग आठवलं की हसायलाही मनाई आहे, आणि मग त्यांना रडूच आलं.

"अगं, सरळ सांगून टाक ना मोठ्या बाईंना," तो म्हणाला.

‘फक्त आठ दिवस,’ बाईंनी पाटीवर लिहिलं.

"आठ दिवसांनी काय नवा घसा मिळणार आहे?"

बाईंनी पाटी पुसली.

मुंगीच्या गाण्याची चाल जिन्यासारखीच चढत जायची. सात सत्तेला ती सगळ्यात वर पोचायची आणि तिथून उतरायला लागायची. ‘सात सत्ते एकोणपन्नास, गच्चीत पोचून घेतला श्वास.’ बाईंना स्वतःची ही ओळ फार आवडायची. पहिले दोन दिवस त्या कशाबशा गच्चीपर्यंत पोचल्या. तिसऱ्या दिवशी त्या ओळीवर आवाज घसरला. पाचव्या दिवशी नुसते ओठ हलले. मग त्या "अहं" करून खाकरायच्या आणि छप्पन्नवर खालच्या सुरात गाणं पुन्हा पकडायच्या. त्या ओळीला त्यांचे डोळे आपोआप मिटायचे. येऊ दे, एवढ्या वेळी तरी येऊ दे, असं त्या मनात म्हणत असायच्या. डोळे उघडेपर्यंत पोरं खालच्या पायरीवर उतरलेली असायची. पोरं काय करताहेत हे ऐकायला त्यांचे कान मोकळेच नव्हते. ते सगळा वेळ आपल्याच गळ्याशी बसलेले होते.

सातव्या दिवशी शेजारचे गुरुजी म्हणाले, "तुमच्या वर्गात सर्दीची साथ आलीय का हो?" बाईंनी नुसती मान हलवली. गुरुजींचं हे नेहमीचंच, असं त्यांना वाटलं.

साहेब आले. माणूस काही राक्षस नव्हता. पोरांच्या बुटक्या बाकावर बसला तेव्हा गुडघे हनुवटीला लागले, तरी तक्रार केली नाही. दोन-तीनचे पाढे ऐकले, चादरीची नदी पाहिली, मातीचा ‘क्ष’ हातात घेऊन हसलाही. बाईंना खुणांवर काम चालवता आलं. मग साहेबांनी वही उघडली. "आता नुकतं शिकवलेलं काहीतरी होऊ द्या. सातचा?"

बाईंनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. घोगरं नाही, फाटकं नाही, काहीसुद्धा नाही. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी भुवया उंचावल्या.

तेवढ्यात चिमणी उठली, खडूच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि तिने सुरुवात केली. मागून सगळा वर्ग लागला. अडतीस पोरं, पण आवाज? अडतीस म्हाताऱ्या एकदम गायला लागाव्यात तसा. घोगरा, कापरा, ओळीच्या शेवटी फाटणारा. हा आवाज कुठेतरी ऐकलाय असं बाईंना वाटलं आणि पुढच्याच क्षणी ओळख पटली. तो त्यांचाच होता. आपला आवाज इतका बिघडला आहे हे आठ दिवसांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सात सक बेचाळीस. आणि वर्ग गप्प झाला.

अडतीस तोंडं उघडत होती, मिटत होती. आवाज नाही. चिमणीने तर डोळेही मिटले होते. मग अडतीस जण एका सुरात "अहं" करून खाकरले आणि ‘सात आठे छप्पन्न’ म्हणत खाली उतरायला लागले.

"मधलं एक राहिलं," साहेब म्हणाले. "सात सत्ते किती, बाळ?"

चिमणीने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. आत्ताच तर म्हटलं, असा तिचा चेहरा होता. तिने पुन्हा ओठ हलवले, मन लावून, सावकाश. साहेबांनी कान पुढे केला. मागच्या बाकावर विचारलं, खिडकीपाशी विचारलं. सगळीकडे ओठ हलले. बाईंना प्रत्येकाच्या ओठांवर एकोणपन्नास स्वच्छ दिसत होतं. साहेबांनी वहीत लिहायला घेतलं. बाईंना उलटं वाचता यायचं, शिक्षकांना येतंच. ‘मुलांना पाढा अर्धवट...’

आता गप्प राहिलं तर पोरं नापास आणि आपला घसा झाकलेला. बोललं तर घसा उघडा. पण बोलणार तरी कशाने? बाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, ‘त्यांना येतं. आवाज माझा गेला आहे. ती माझ्यासारखं म्हणताहेत.’

मोठ्या बाईंनी वाचलं आणि कपाळावर हात मारला.

साहेबांनीही वाचलं. मग त्यांनी चिमणीपुढे कागद सरकवला. "लिही बरं." तिने लिहिलं, ४९. मग मागच्या बाकाने लिहिलं, मग खिडकीजवळच्याने. एकूण एक बरोबर. साहेबांनी वहीतली ती ओळ खोडली.

"मुलांना येतं, तसंच लिहितो," ते म्हणाले. "पण बाई, ही गाणी आणखी कुणाला येतात?"

बाईंनी वर्गाकडे बोट दाखवलं.

"मोठ्या माणसांपैकी?"

बाईंचं बोट खाली आलं.

"मग उद्या इथं कोण उभं राहणार? तुम्ही तर नाही. तुम्ही आजसुद्धा नको होतात."

एवढंच झालं. उद्यापासून रजा, उद्यापासून पुस्तिका. कपाटाच्या पायाखालचीही निघाली आणि धुळीसकट कुणाला तरी मिळाली. निघताना चिमणीने बाईंच्या पदराला धरलं. "बाई, तिथं आवाज काढायचा होता का? आम्हाला वाटलं तुम्ही चाल बदलली. तिथं मुंगी श्वास घेते ना?" बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सांगायचं खूप होतं.

महिन्याभराने बाई डॉक्टरांचं पत्र द्यायला शाळेत गेल्या. व्हरांड्यात पाय आपोआप तिसरीच्या खिडकीशी थांबले. जिना पुसलेला होता. नव्या बाई म्हणजे अगदी कोवळी पोर होती, चेहऱ्याने चांगली. पोरं पुस्तिकेत मान घालून सातचा पाढा लिहीत होती. पण बाकांखाली पावलं पायऱ्या चढत होती, आणि ओठ हलत होते. बेचाळीस झालं. पहिल्या बाकावरून "अहं" आलं, मग दुसऱ्या, मग सगळ्या वर्गातून.

"अगं बाई, पुन्हा सगळ्यांना खोकला?" नव्या बाई घाबऱ्या झाल्या. "हे बघा, आता जो खोकेल त्याला मी घरी पाठवणार. पान उलटा, पुन्हा पहिल्यापासून."

पेन्सिली पुन्हा चालू झाल्या. बाई भिंतीला टेकून मनात एकेक पायरी मोजत होत्या. सात पंचे. सात सक. सात सत्ते. आतून काहीच आलं नाही. पेन्सिली थांबल्या होत्या, खाकरण्याशिवाय पोरांना खाली उतरता येत नव्हतं, आणि खाकरायला कुणी धजत नव्हतं.

खाकरायचं नाही, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाई खिडकीबाहेरून खाकरल्या, "अहं." घशात काच फिरल्यासारखं झालं आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"सात आठे छप्पन्न!" आतून चिमणी मोठ्याने म्हणाली.

तिचा आवाज खणखणीत होता. त्यात घोगरेपणा नावालाही नव्हता. बाईंना फार फार बरं वाटलं, आणि मग कळलं की आपला आवाज आता तिथेही उरलेला नाही.