नाकमास्तरांचा थेंब

क्रीमच्या कारखान्यात त्यांना सगळे नाकमास्तर म्हणत, आणि ते ऐकून तेही खूश असत. माणसाला आपल्या नाकाचा इतका अभिमान असू नये, पण यांना होता. मोठ्या भांड्यांत तेल आणि पाणी वेगवेगळं तापायचं, मग एकत्र घोटून लोण्यासारखं पांढरंशुभ्र व्हायचं, आणि ते कोमट झालं की नाकमास्तर आपल्या खोलीतून सुगंधाची बाटली घेऊन यायचे. सुगंध नेहमी शेवटी, गरम असताना घातला तर उडून जातो. ते बाटली ओतायला लागले की कामगार मागे सरकून उभे राहत, जणू काही फार मोठं घडणार आहे. घडायचं एवढंच, की मेणाचा आणि तेलाचा कोंदट वास जाऊन फुलांचा यायचा.

घरी त्यांची बायको. पूर्वी ती प्रसूतिगृहात, तान्ह्या बाळांच्या वॉर्डात नर्स होती. नोकरी सोडून कितीतरी वर्षं झाली, तरी शेजारीपाजारी तिला अजून सिस्टरच म्हणत. नाकमास्तर संध्याकाळी आले की चपला काढायच्या आधी तिचा हात नाकाशी नेत आणि म्हणत, "वा! माल जमलाय." तीही त्यांच्या येण्याच्या सुमाराला न चुकता क्रीम लावून बसे. हात मात्र लाल, भेगाळलेले, बोटांच्या पेरांशी सोललेले.

हे दुखणं सुरू झालं ते ती वॉर्डात असतानाच. आधी खाज, मग पुरळ, मग भेगा. नाकमास्तरांनी घरातली एकेक बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. हे फेस करणारं, कातडी कोरडी करतं. हा रंग, उगाच घातलाय. भांड्यांचा साबण बदलला, कपड्यांची पावडर बदलली, अंगाचा साबणही साधा आणला. जगातल्या सगळ्या डब्यांवर त्यांचा संशय, फक्त आपल्या डब्याकडे त्यांनी कधी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही.

मध्येच एकदा ती बहिणीकडे राहून आली. क्रीमची डबी घरीच विसरली होती, आणि परतली तेव्हा हात बरेचसे भरून आले होते. तिनं भीत भीत विचारलं, "अहो, तुमच्या क्रीमचा वास तर बाधत नसेल ना मला?"

नाकमास्तर चिडले असते तर एक वेळ परवडलं असतं. ते हसले. "तिकडे तुला आराम मिळाला, म्हणून हात बरे झाले," म्हणाले. पण बायकोची शंकाही फेडायची होती. चारच दिवसांत एक बरणी तिच्यासमोर ठेवली. "घे. बिनवासाची. खास तुझ्यासाठी मी स्वतः घोटलीय. आता होऊन जाऊ दे खात्री."

तिनं ती बरणी इमानेइतबारे संपवली. हात पुन्हा होते तसेच झाले.

"बघ! वासावर उगाच खापर फोडत होतीस," नाकमास्तर म्हणाले. "अगं, ते तुमच्या वॉर्डातलं हात धुवायचं औषध आहे. एकेका बाळामागे हात धुवायचे, कातडं टिकेल कसं? सोड ती नोकरी. हातांपेक्षा नोकरी मोठी आहे का?"

तिनं बरेच दिवस तग धरला. शेवटी मेट्रननंच बोलावून सांगितलं, की भेगाळलेल्या हातांनी बाळं हाताळता येणार नाहीत, आणि मेट्रनचंही काही चुकीचं नव्हतं. हिला नावनोंदणीच्या खिडकीवर बसवलं. आतून बाळांचं रडणं ऐकू यायचं, आणि ही इकडे लोकांना पत्ता विचारत बसायची. महिनाभरात तिनं राजीनामा दिला. नाकमास्तरांना वाटलं, आपण बायकोचे हात वाचवले. त्या आनंदात त्यांनी फुलांच्या वासाची सगळ्यात मोठी बरणी आणली.

हात काही बरे झाले नाहीत. "इतकी वर्षं मुरलेलं औषध आहे, जायला वेळ लागणारच," असं ते सांगत राहिले आणि ती मान हलवत राहिली. बिनवासाच्या बरणीनं तिचंही तोंड बंद केलं होतं.

मग लेकीला बाळ झालं. लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. सगळे बाळाला घेत होते आणि आजी हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभी होती.

"आई, घे ना गं."

"नको. माझ्या भेगा लागतील त्याला."

जिच्या हातांखालून गावभरची बाळं गेली, ती आपल्या नातवाला लांबून बघत होती. लेकीनं बाळ नवऱ्याकडे दिलं आणि आईला धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासू. घरात जे जे हाताला लागतं ते थोडं थोडं आणा. नाकमास्तरांनी तर कमालच केली. तपासायचंच तर नीट तपासा, म्हणून क्रीममधला एकेक पदार्थ वेगळ्या कुपीत भरून आणला: पाणी धरून ठेवणारं ग्लिसरीन, मेण, तेल-पाण्याला फुटू न देणारा पदार्थ, बुरशी येऊ न देणारा पदार्थ आणि सुगंध. मनातून त्यांचा रोख त्या बुरशीवाल्यावर होता. तो पुरवणारा माणूस त्यांच्या डोक्यात जायचा.

दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या. सगळी पाठ स्वच्छ. एकच चौकोन लालभडक, टरारून सुजलेला, त्यावर बारीक फोड.

"सुगंध," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डबीवर हा एकच शब्द छापलेला असतो, पण आत खूप पदार्थ असतात. बहुतेकांना काही होत नाही. यांना होतं."

"पण आम्ही बिनवासाचीही वापरली होती," ती म्हणाली. "तिनंही फरक पडला नव्हता."

"मग तिच्यात काय होतं ते बघायला हवं." डॉक्टरीणबाईंनी नाकमास्तरांकडे पाहिलं.

काही न घातलेल्या क्रीमला मेणाचा आणि शिळ्या तेलाचा वास येतो. असली बरणी गिऱ्हाईक उघडून लगेच बंद करतं. म्हणून कारखान्यात बिनवासाच्या मालातही सुगंधाचा थेंब पडतो, तो वास झाकण्यापुरता. त्याला कुणी सुगंध म्हणत नाही, तसं कुणाच्या मनातही येत नाही. त्या दिवशी तो थेंब त्यांनी आपल्या हातानं टाकला होता. फसवायचं नव्हतं. बायकोला घाण वासाचं क्रीम कसं द्यायचं, एवढाच विचार. विचार तरी कसला, हात सवयीनं गेला होता. आणि त्या थेंबाच्या जोरावर त्यांनी तिला वॉर्डातून बाहेर काढलं.

ते डॉक्टरीणबाईंना काही बोलले नाहीत. घरीही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एकट्यानं छोटं भांडं घोटलं आणि सुगंधाची बाटली कपाटात कुलूपबंदच ठेवली.

तिनं बरणी उघडली आणि नाक मुरडलं. "अहो, केवढी घाण येतेय हिला!"

"काही घातलं नाही की असाच वास येतो."

तिनं दोन बोटांवर क्रीम घेतलं आणि हात तसाच थांबला. "त्या वेळच्या बरणीला नव्हता येत."

नाकमास्तर खुर्चीत बसले. "थेंबभर होता," ते म्हणाले. "वास झाकायला. तो आम्ही धरत नाही."

ती म्हणाली, "मेट्रननं खिडकीवर बसवलं तेव्हा मला वाटलं, माझे हातच कामातून गेले. माझ्यातच काहीतरी खोट आहे."

"अगं, मी..."

"राहू द्या." तिनं ते क्रीम हातांना लावलं, सगळ्या पेरांशी नीट जिरवलं आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं. त्यानंतर संध्याकाळी त्यांनी कधी तिचा हात मागितला नाही, आणि तिनंही पुढे केला नाही.

हात सावकाश भरून आले. भेगा मिटल्या, पेरांवर नवी गुलाबी कातडी आली. मग एका सकाळी लेकीकडे तिनं आपणहून बाह्या वर केल्या. "आण इकडे. मी घालते अंघोळ."

नाकमास्तर न्हाणीच्या दाराशी स्टुलावर बसले होते. तिनं कोपरानं पाणी बघितलं. बाळाला एका हातावर पालथं घेतलं, मान कोपराच्या खळग्यात, आणि दुसऱ्या हातानं इतक्या हलकेच आणि इतक्या झपाट्यानं पाणी घातलं, की रडावं हे बाळाच्या लक्षातच आलं नाही. वॉर्डात बाहेरच्यांना सोडत नसत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिचं काम आज पहिल्यांदा पाहिलं. ते हात रोज त्यांच्यापर्यंत आले होते, आणि त्यांनी ते फक्त हुंगले होते.

"बाबा, बघितलास आईचा हात?" लेक म्हणाली.

"बघतोय," ते म्हणाले.

तिनं बाळाला पुसलं, गुंडाळलं आणि लेकीच्या हातात दिलं. मग सवयीनं तिचे दोन्ही ओले हात पुन्हा पुढे आले, पुढच्या बाळासाठी, आणि तसेच थांबले.

पुढचं बाळ नव्हतं. नाकमास्तरांनी उठून त्या हातांवर टॉवेल ठेवला.